ब्रिटनचा युवराज दिवसभर करतो तरी काय?

१० मे २०२२. लंडनमध्ये संसदेच्या नव्या अधिवेशनाचं उद्घाटन होतं. एलिझाबेथ राणींना चालायला त्रास होत होता, त्यामुळे त्या आल्या नाहीत. राजमुकुट मात्र आला. तो मखमली उशीवर ठेवलेला होता आणि त्याच्यासमोर ७३ वर्षांचे युवराज चार्ल्स बसले होते, तेही राणींच्या सिंहासनावर नव्हे, तर राजघराण्यातल्या जोडीदारासाठी असलेल्या आसनावर. सरकारने लिहून दिलेलं भाषण त्यांनी वाचलं. राणी वाचतात तेव्हा त्यात 'माझं सरकार' असं येतं. चार्ल्स यांनी प्रत्येक वेळी 'राणीसाहेबांचं सरकार' असं म्हटलं.

मुकुट समोर ठेवून दुसऱ्याचं भाषण दुसऱ्याच्या नावाने वाचायचं. युवराजपद काय चीज आहे हे या एका प्रसंगात जितकं नीट दिसतं तितकं कुठल्याही ग्रंथात दिसत नाही. ब्रिटनमध्ये राजाची कामं कायद्याने आणि संकेतांनी ठरलेली आहेत: विधेयकांना संमती देणं, पंतप्रधान नेमणं, संसद बोलावणं. युवराजाची अशी यादी कुठेही लिहिलेली नाही. कायद्याच्या नजरेत त्याचं मुख्य काम म्हणजे वाट पाहणं. बाकी तो जे करतो त्यातलं काही राजाने लेखी सोपवलेलं असतं, काही आधीच्या युवराजांनी पाडलेल्या पायंड्यातून येतं आणि काही त्याने स्वतःच्या उत्पन्नाच्या जोरावर उभं केलेलं असतं. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या की वाद होतात. बातम्यांमधले बहुतेक वाद असेच झालेले आहेत.

आपोआप मिळणारं आणि द्यावं लागणारं

राजा गादीवर आला की त्याच क्षणी त्याचा थोरला मुलगा 'ड्यूक ऑफ कॉर्नवॉल' होतो. त्यासाठी समारंभ लागत नाही, सहीशिक्का लागत नाही. तिसऱ्या एडवर्डने १३३७ मध्ये काढलेली सनद आजही चालते. स्कॉटलंडमध्ये तोच मुलगा 'ड्यूक ऑफ रॉथसे' म्हणून ओळखला जातो. 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही सगळ्यात प्रसिद्ध पदवी मात्र आपोआप मिळत नाही. ती राजाने द्यावी लागते आणि कधी द्यायची ते त्याच्या मर्जीवर आहे. चार्ल्स ६ फेब्रुवारी १९५२ ला, वयाच्या तिसऱ्या वर्षी, ड्यूक ऑफ कॉर्नवॉल झाले. प्रिन्स ऑफ वेल्स व्हायला १९५८ उजाडलं. त्यांचा मुलगा विल्यम यांच्या बाबतीत हे अंतर एका दिवसाचं होतं. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेल्या आणि ९ तारखेच्या संध्याकाळी नव्या राजाने, म्हणजे चार्ल्स यांनी, आपल्या पहिल्याच भाषणात पदवी जाहीर केली.

थोरलं अपत्य मुलगी असेल तर काय, हा प्रश्न रास्त आहे. २०१३ च्या वारसाहक्क कायद्याने मुलग्यांचं झुकतं माप काढून टाकलं. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांना तो लागू आहे, म्हणून विल्यम यांची मुलगी शार्लट ही धाकट्या भावाच्या, लुईच्या पुढेच राहते. पण १३३७ च्या सनदेला या कायद्याने हात लावला नाही. सनद 'थोरला मुलगा' असंच म्हणते. एलिझाबेथ स्वतः पंधरा वर्षं वारस होत्या, तरी त्या ना प्रिन्सेस ऑफ वेल्स झाल्या ना कॉर्नवॉलच्या मालकीण. शिवाय त्या काळी राजाला मुलगा झाला असता तर त्या मागे पडल्या असत्या. आता वारस मुलगी असेल तर कॉर्नवॉलची पदवी मिळणार नाही, पण तेवढ्या उत्पन्नाची भरपाई मिळावी अशी तरतूद २०११ च्या राजघराणे अनुदान कायद्यात करून ठेवली आहे. जुनी सनद तशीच ठेवायची आणि नव्या कायद्याने खालून ठिगळ लावायचं, ही तिथली नेहमीची रीत.

वेल्समधल्या कार्नारव्हन किल्ल्यातला भव्य पदग्रहण सोहळा अनेकांना शेकडो वर्षं अखंड चालत आलेला वाटतो. आजच्या रूपातला तो सोहळा १९११ चा आहे. तिथले खासदार आणि तेव्हाचे अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी त्यासाठी जोर लावला होता. १ जुलै १९६९ ला तो चार्ल्स यांच्यासाठी पुन्हा झाला. जुना मुकुट पदत्याग केलेल्या आठव्या एडवर्डने आपल्याबरोबर नेला होता, म्हणून नवा घडवावा लागला. त्याच्या माथ्यावरचा सोन्याचा गोळा म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला टेबल टेनिसचा चेंडू. सोहळ्याला वेल्समध्ये कडवा विरोधही होता. आदल्या रात्री आबर्गेले इथे दोन वेल्श कार्यकर्ते त्यांच्याच बॉम्बच्या स्फोटात मारले गेले. विल्यम यांचा असा सोहळा झालेला नाही आणि त्यावाचून कायद्याचं काहीही अडलेलं नाही.

उसना अधिकार

राजा आजारी पडला किंवा परदेशी गेला तर काय करायचं ते १९३७ च्या रीजन्सी, म्हणजे राजप्रतिनिधित्वाच्या, कायद्यात सांगितलं आहे. अशा वेळी राजा 'काउन्सेलर्स ऑफ स्टेट' नेमतो. राजाचा जोडीदार आणि वारसक्रमातले पहिले चार प्रौढ हे त्यासाठी पात्र असतात. इतरांना वयाची २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, थेट वारसाला १८ पुरतात. कामं किमान दोघांनी मिळून करायची असतात. २०२२ च्या उद्घाटनाला चार्ल्स यांच्याबरोबर विल्यम होते ते मुलगा म्हणून नव्हे, दुसरी सही म्हणून. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा करून यादीत अ‍ॅन आणि एडवर्ड या राजाच्या भावंडांची भर घातली. कारण उघड होतं. यादीतले राजाचा धाकटा मुलगा हॅरी आणि भाऊ अँड्र्यू राजकार्यातून बाहेर पडलेले होते, त्यामुळे प्रत्यक्षात बोलवावं अशी माणसंच कमी पडत होती.

हा अधिकारही कापून दिलेला असतो. खानदानी पदव्या देता येत नाहीत. राजाने स्पष्ट सांगितल्याशिवाय संसद विसर्जित करता येत नाही. पंतप्रधान नेमणं राजा स्वतःकडेच ठेवतो. आणखी एक गैरसमज इथेच काढायला हवा. ५ फेब्रुवारी २०२४ ला राजाला कर्करोग असल्याचं जाहीर झालं, तेव्हा 'आता विल्यम राज्य चालवणार' अशा मथळ्यांचा सुळसुळाट झाला. तसं काही झालं नाही. राजा लाल पेट्यांमधले सरकारी कागद रोज बघत होता, सह्या करत होता, त्यामुळे काउन्सेलर नेमायची वेळच आली नाही. युवराजाकडे गेले ते लोकांसमोरचे कार्यक्रम. ६ जून २०२४ ला नॉर्मंडीत ओमाहा किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या डी-डेच्या ऐंशीव्या स्मृतिदिनाचा आंतरराष्ट्रीय समारंभ होता. तिथे राजाऐवजी विल्यम गेले.

राजा कायमचा असमर्थ झाला तर मात्र वेगळं प्रकरण, रीजन्सीचं. राजाचा जोडीदार, लॉर्ड चान्सेलर (न्यायमंत्री), हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती, सरन्यायाधीश आणि मास्टर ऑफ द रोल्स (एक वरिष्ठ न्यायाधीश) या पाचांपैकी किमान तिघांनी वैद्यकीय पुराव्यासह लेखी प्रमाणित करावं लागतं. मग प्रौढ वारस राजप्रतिनिधी होतो. त्याला यात मत नाही, सही नाही. बापाला असमर्थ ठरवण्याच्या कामात मुलाचा हात असू नये, एवढं भान कायदा करणाऱ्यांनी ठेवलेलं दिसतं.

शेजारचे देश या बाबतीत जास्त रोखठोक आहेत. स्पेनच्या राज्यघटनेत वारसाने प्रौढ झाल्यावर संसदेसमोर शपथ घ्यायचं बंधन आहे. लिओनोर यांनी ती ३१ ऑक्टोबर २०२३ ला, अठराव्या वाढदिवशी घेतली. नेदरलँड्समध्ये अठराव्या वर्षी वारसाला सल्लागार मंडळात, म्हणजे काउन्सिल ऑफ स्टेटमध्ये जागा मिळते. नॉर्वेत युवराज हाकोन राजाच्या अनुपस्थितीत रीजंट म्हणून मंत्रिमंडळाच्या बैठकीचं अध्यक्षपद घेतात. ब्रिटनमध्ये यातलं एकही नाही.

पदक लावायचं काम

युवराजाच्या वर्षातला मोठा वाटा पदकप्रदानाच्या समारंभांचा, म्हणजे 'इन्व्हेस्टिचर'चा असतो. वर्षाला असे तीसेक समारंभ होतात, बहुतेक बकिंगहॅम राजवाड्यात किंवा विंडसर किल्ल्यात, आणि प्रत्येकात साठाहून जास्त मानकरी असतात. एकट्या राजाला हे झेपणारं नाही. म्हणून युवराज आणि राजकन्या अ‍ॅन वाटून घेतात. विल्यम यांनी पहिला समारंभ ऑक्टोबर २०१३ मध्ये केला. टेनिसपटू अँडी मरे त्यातले एक मानकरी होते.

दिसायला सोपं, पण साठ-सत्तर माणसांच्या अंगावर टाचणी टोचत बसलं तर दुपार उलटेल. म्हणून मानकरी दालनाबाहेर थांबलेले असतानाच त्यांच्या कोटावर किंवा पोशाखावर एक छोटा हूक लावून ठेवतात. पुढे युवराजाला पदक त्या हुकात अडकवायचं तेवढं उरतं. मंचावर 'येओमन ऑफ द गार्ड' हे राजाचे जुने अंगरक्षक उभे असतात, १४८५ मध्ये सातव्या हेन्रीने उभारलेल्या पथकातले. समारंभ करणाऱ्याबरोबर दोन गुरखा अधिकारी असतात. ही प्रथा १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने सुरू केली. नाव पुकारलं जातं, मानकरी पुढे येतो, मान झुकवतो. उशीवर ठेवलेलं पदक पुढे केलं जातं. क्रम एका जागी चुकला तर पुढच्या सगळ्यांना भलत्याचीच पदकं मिळतील, म्हणून खरी कसरत पडद्यामागे पदकं ओळीने लावणाऱ्यांची असते.

'सर' ही पदवी घेणारा खास बाकावर उजवा गुडघा टेकतो. तलवारीचं पातं आधी उजव्या खांद्याला आणि मग डाव्या खांद्याला टेकवलं जातं. ही तलवार सहावे जॉर्ज राजे व्हायच्या आधी स्कॉट्स गार्ड्सचे कर्नल म्हणून वापरत ती. 'उठा, सर अमुक' असं सिनेमात म्हणतात; प्रत्यक्षात कोणी म्हणत नाही. धर्मगुरूला पदवी मिळाली तरी खांद्यावर तलवार ठेवत नाहीत.

प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर गप्पा येतात. युवराजाने नाव, गाव, काम यांची टिपणं आधी वाचलेली असतात आणि ऐनवेळी कुजबुजून आठवण करून देणारा माणूसही जवळ असतो. युवराजाने हस्तांदोलनाला हात पुढे केला की गप्पा संपल्या. मानकऱ्याने मागे सरकायचं, पुन्हा मान झुकवायची आणि निघायचं. बाहेर पडल्यावर तो हूक काढून घेतात, पुढच्या वेळी लागतो. पदक कोणाला द्यायचं यात युवराजाचा हात नसतो. यादी समित्या आणि सरकार ठरवतात. ज्याचं काम मुळीच आवडत नाही अशा माणसाच्या छातीवरही हसतमुखाने पदक लावावं लागतं आणि ते जमणं हीच या कामातली पात्रता.

घोड्यावर, उन्हात

जूनमधल्या 'ट्रूपिंग द कलर' संचलनात १,४०० च्या आसपास सैनिक, दोनशे घोडे आणि चारशे वादक असतात. राजघराण्यातले काहीजण वेगवेगळ्या पलटणींचे मानद कर्नल असतात. विल्यम डिसेंबर २०२२ पासून वेल्श गार्ड्सचे कर्नल आहेत. मुख्य सोहळ्याच्या आधी दोन पूर्ण रंगीत तालमी होतात आणि दुसरीची पाहणी कर्नल करतो. १० जून २०२३ ला विल्यम यांनी ती केली तेव्हा लंडनचा पारा तिशीला टेकला होता. लोकरी अंगरखा, अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी आणि तास-दीड तास स्तब्ध उभं राहणं. काही सैनिक भोवळ येऊन पडले. यात अशक्तपणाचा भाग कमीच असतो. न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस कोसळतो. म्हणूनच उभ्या जागी बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायला सैनिकांना शिकवतात. युवराजाला घोड्यावर ही सोय नाही, पण निदान तो बसलेला असतो.

राज्याभिषेकात युवराजाचं काम मोजकं, पण नेमकं असतं. ६ मे २०२३ ला विल्यम यांनी वडिलांना राजवस्त्रं चढवायला हात लावला. नंतर समोर गुडघे टेकून एकनिष्ठेची शपथ घेतली, मुकुटाला हात लावला आणि गालाचं चुंबन घेतलं. पूर्वी राजघराण्यातले आणि सरदारांपैकी कित्येकजण ओळीने अशी शपथ घेत. या वेळी राजघराण्याच्या वतीने ती घेणारे विल्यम एकटेच होते.

गावभेटीचं वेळापत्रक

मुख्य समारंभ वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचं वर्ष शाळा, इस्पितळं, कारखाने, अग्निशमन केंद्रं यांच्या भेटीत जातं. प्रत्येक परगण्यात राजाचा एक मानद प्रतिनिधी असतो, 'लॉर्ड-लेफ्टनंट'. स्थानिक निमंत्रणं बहुतेक त्याच्या कार्यालयातून वर सरकतात. भेट ठरली की युवराजाच्या कार्यालयातले लोक आणि पोलीस आधी येऊन संपूर्ण वाट पायी चालून बघतात. गाडी नेमकी कुठे थांबेल, दरवाजा कोणत्या बाजूला उघडेल, छायाचित्रकार कुठे उभे राहतील, पाऊस आला तर काय, जवळचं इस्पितळ कोणतं. मग मिनिटामिनिटाचा कागद तयार होतो. पहिलं स्वागत लॉर्ड-लेफ्टनंट करतो आणि इतर मान्यवरांची ओळखही तोच करून देतो. पहिल्यांदा 'युअर रॉयल हायनेस', नंतर नुसतं 'सर' म्हणायचं.

बिघडतं ते बहुधा अगदी साध्या ठिकाणी. आयोजक रांगेत ठरल्यापेक्षा दुप्पट माणसं उभी करतात. नगरप्रमुखाचं दोन मिनिटांचं भाषण आठ मिनिटांचं होतं. कोनशिलेच्या पडद्याची दोरी अडकते. जिथे युवराजाने प्रत्यक्ष काम बघावं तिथे काम बंद ठेवून सगळे टाय लावून उभे असतात आणि मग बघायला काही उरतच नाही. जाणकार आयोजक माणसांना अर्धवर्तुळात पाच-सहांच्या गटांत उभं करतात, म्हणजे प्रत्येक गटात एक धागा पकडून बोलता येतं. रस्त्यावरच्या गर्दीत उतरून हस्तांदोलन करायची पद्धत एलिझाबेथ राणींनी १९७० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात सुरू केली. वेळापत्रक सगळ्यात जास्त घसरतं ते तिथेच. दुसऱ्या दिवशी या सगळ्याची कोरडी नोंद 'कोर्ट सर्क्युलर'मध्ये येते. वृत्तपत्रं चुकीचं छापतात म्हणून वैतागून तिसऱ्या जॉर्जने १८०३ मध्ये हे दैनंदिन पत्रक सुरू करवलं. कोणी किती कार्यक्रम केले याची वर्षअखेरची मोजणी याच्याच आधारे होते. ही मोजणी फसवी आहे. दहा मिनिटांची भेट आणि दिवसभराचा दौरा या दोन्हींची नोंद एकेकच.

परदेशदौरा कोण ठरवतं

अधिकृत परदेशदौरे सरकारच्या विनंतीवरून होतात, परराष्ट्र खात्याच्या हिशेबाने. परक्या देशातले अंत्यसंस्कार आणि सत्तांतरं हे तर वारसाचं हक्काचं काम. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनला परत दिलं तेव्हा चार्ल्स हजर होते आणि २६ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस यांच्या अंत्यविधीला विल्यम गेले. चार्ल्स यांना तर पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीसाठी स्वतःचं कॅमिला यांच्याशी लग्न एक दिवस पुढे ढकलून ९ एप्रिल २००५ ला करावं लागलं. याच लग्नाला मुंबईचे दोन डबेवाले निमंत्रित होते. नोव्हेंबर २००३ मध्ये चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले होते, त्या ओळखीतून. आपल्याकडे त्या लग्नाची बातमी मुख्यतः यामुळेच वाचली गेली.

दौरा कसा फसतो याचा ताजा नमुना म्हणजे मार्च २०२२ चा विल्यम आणि केट यांचा कॅरिबियन दौरा. बेलीझमध्ये गावकऱ्यांच्या विरोधामुळे कोकोच्या शेताची भेट रद्द झाली. जमैकात तारेच्या कुंपणापलीकडच्या मुलांचे हात हातात घेतानाची छायाचित्रं जगभर गेली. मग उघड्या लँड रोव्हरमध्ये उभं राहून संचलनाची पाहणी झाली आणि वसाहतकाळच पुन्हा उभा राहिला. पंतप्रधान होलनेस यांनी तर पाहुण्यांना समोरासमोर सांगितलं की आमचा देश पुढे निघाला आहे. शिष्टाचारात एकही चूक झाली नव्हती. जुनी सजावट जशीच्या तशी उचलून आणली होती आणि तेच नडलं.

मुंबईने हा अनुभव शंभर वर्षं आधी दिला होता. इथे युवराज बऱ्याचदा कोनशिला बसवायला येत. नंतरचे सातवे एडवर्ड १८७५ मध्ये आले आणि प्रिन्सेस डॉकचं काम सुरू करून गेले. काळ्या घोड्यावरचा पुतळा त्यांचाच. तो १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. नंतरचे पाचवे जॉर्ज यांनी ११ नोव्हेंबर १९०५ ला ज्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली, ते आज छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं. १७ नोव्हेंबर १९२१ ला मात्र युवराज एडवर्ड, म्हणजे नंतरचे आठवे एडवर्ड, बंदरावर उतरले त्याच दिवशी परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची होळी झाली. शहरात दंगल उसळली आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, याच युवराजाच्या हस्ते पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसली. त्यामागे कोल्हापूरचे शाहू महाराज होते. बहिष्काराच्या ऐन लाटेत ब्रिटिश युवराजाकडून शिवस्मारकाचा पाया घालून घेणं, हे शाहू महाराजांचं राजकारण समजून घ्यायला वेगळा लेख लागेल.

खर्चाला पैसे कुठून

राजाला सरकारी अनुदान मिळतं. युवराजाला ते नाही; त्याला कॉर्नवॉलची जहागीर, म्हणजे 'डची ऑफ कॉर्नवॉल' आहे. सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन वीसहून जास्त परगण्यांत विखुरलेली आहे आणि तिचा सगळ्यात मोठा तुकडा डार्टमूरच्या माळावर आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली ते लंडनचं ओव्हल मैदानही तेव्हा याच डचीच्या जमिनीवर होतं. युवराज या मालमत्तेचं मूळ भांडवल विकून खाऊ शकत नाही. मोठ्या व्यवहारांना ब्रिटिश अर्थखात्याची संमती लागते. वर्षाचा निव्वळ वाढावा मात्र त्याचा. २०२३-२४ मध्ये तो २ कोटी ३६ लाख पौंड होता. कार्यालयाचे पगार, दौऱ्यांचा काही खर्च, कुटुंबाचा खासगी खर्च, सगळं यातून जातं. कायद्याने कर लागत नाही. १९९३ पासून युवराज स्वेच्छेने प्राप्तिकर भरतो. चार्ल्स आकडा जाहीर करत, विल्यम यांच्या अहवालात तो आला नाही आणि त्यावर टीका झाली.

कॉर्नवॉलमध्ये कोणी मृत्युपत्र न करता आणि वारस न ठेवता मेलं, तर त्याची संपत्ती सरकारकडे न जाता ड्यूककडे जाते. खर्च वजा जाता ती एका धर्मादाय निधीत टाकली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश पत्रकारांच्या शोधवृत्तात उघड झालं, की राजघराण्याच्या दोन जहागिरी, राजाची लँकेस्टर आणि युवराजाची कॉर्नवॉल, सरकारी आरोग्यसेवा, सैन्यदल आणि धर्मादाय संस्थांकडूनही भाडं घेत होत्या. ज्या संस्थेचा आश्रयदाता युवराज, तीच त्याची भाडेकरू असू शकते, हे अनेकांना पचलं नाही. ही खासगी मालमत्ता की सार्वजनिक, हा प्रश्न १३३७ पासून सोयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी सोडवला जातो.

तोंड कधी उघडायचं

राजाने पक्षीय राजकारणावर बोलायचं नाही हा नियम पक्का. वारसाबाबत तो तितका पक्का नाही आणि चार्ल्स यांनी ती फट भरपूर वापरली. २००४-०५ मध्ये त्यांनी मंत्र्यांना लिहिलेली पत्रं 'द गार्डियन'च्या रॉब इव्हान्स या पत्रकाराने माहिती अधिकाराखाली मागितली. दहा वर्षं लढाई चालली. लवादाने पत्रं द्यायला सांगितली, महाधिवक्त्यांनी नकाराधिकार वापरला, शेवटी २६ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला. मे महिन्यात पत्रं बाहेर आली. इराकमधल्या सैन्याला दिलेली कमकुवत लिंक्स हेलिकॉप्टर्स, गाईंचा क्षय आणि तो पसरवणारे बिजू हे प्राणी, वनौषधींचे नियम, इतकंच काय दक्षिण समुद्रातली पॅटागोनियन टूथफिश मासळीही. मजकूर स्फोटक नव्हता. वादाचा मुद्दा होता तो निवडून न आलेल्या माणसाला मंत्र्याच्या टेबलापर्यंत मिळालेल्या वाटेचा. दरम्यान सरकारने कायदाच बदलला. २०११ पासून राजा, वारस आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वारसाशी झालेला पत्रव्यवहार माहिती अधिकारातून पूर्णपणे वगळला आहे.

पत्रांपेक्षा टिकाऊ ठरलं ते चार्ल्स यांनी उभं केलेलं काम. नौदल सोडताना मिळालेल्या ७,४०० पौंडांतून त्यांनी १९७६ मध्ये 'प्रिन्सेस ट्रस्ट' सुरू केला. बेकार तरुणांना धंद्यासाठी मदत करणारी ही संस्था पुढे देशातली मोठी संस्था झाली. गादीवर बसताच त्यांनी सांगून टाकलं की आवडीच्या कामांना आता पूर्वीइतका वेळ देता येणार नाही. युवराजाने तीसचाळीस वर्षं जमवलेलं सगळं बढती मिळाली की हातचं सुटतं, ही या पदाची अडचण.

विल्यम यांनी कमी संस्था आणि लांब पल्ला असा मार्ग धरला आहे. जून २०२३ मध्ये बेघरपणावर सुरू केलेला 'होमवर्ड्स' कार्यक्रम पाच वर्षांचा आहे. सहा ठिकाणं निवडून प्रत्येक ठिकाणी पाच लाख पौंडांपर्यंतची सुरुवातीची मदत द्यायची आणि स्थानिक संस्थांनी आराखडा करायचा. घरबांधणी आणि भाडेनियंत्रण हे विषय सरकारच्या धोरणाला इतके लागून आहेत, की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर युवराज विरोधी पक्षात जाऊन बसेल. २० फेब्रुवारी २०२४ ला त्यांनी गाझातली लढाई लवकर थांबावी, फार माणसं मेली, असं निवेदन काढलं. सरकारला त्याची आधी कल्पना दिलेली होती आणि मजकूर सरकारी भूमिकेशी जुळणारा होता. तरी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत निवेदनातल्या मजकुराइतकीच चर्चा झाली ती युवराजाने ते काढावं की नाही याची.